जुन्या स्पीकरला बिनतारी जोड

ध्वनियंत्रणेतले सगळे भाग एकाच वेगानं म्हातारे होत नाहीत. स्पीकर घ्या. चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं, वेटोळ्याला चिकटवलेला कागदी शंकू, आणि वेटोळ्यातला प्रवाह बदलेल तशी शंकूची मागे-पुढे हालचाल. ही रचना अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली मांडली. शंभर वर्षं उलटली, तरी घरातले बहुतेक स्पीकर आजही याच तत्त्वावर वाजतात. त्यांना आवाज पुरवणारी साधनं मात्र या काळात झपाट्यानं बदलत गेली. लाखेच्या तबकड्या जाऊन लाँग प्ले रेकॉर्ड आल्या, १९६३ साली फिलिप्सची कॅसेट आली, १९८२ मध्ये सीडी बाजारात उतरली, मग एमपी३ आणि आता फोनवर थेट इंटरनेटवरून येणारं गाणं.

या दोन वेगांच्या फरकात आपलं नुकसान होतं. डेकचा पट्टा तुटतो, कॅसेटला बुरशी धरते, सीडी प्लेअरची लेन्स वाचेनाशी होते, आणि त्यांच्यासोबत धडधाकट अ‍ॅम्प्लिफायर आणि लाकडी पेट्यांतले स्पीकरही माळ्यावर किंवा भंगारात जातात. त्यांच्या जागी तळहाताएवढा बिनतारी स्पीकर येतो. तो सोयीचा असतो, पण डग्ग्याचा घुमार किंवा तानपुऱ्याचा खर्ज ऐकू यायला भरपूर हवा हलवावी लागते आणि दोन इंची शंकूला ते जमत नाही. आठ इंची शंकूला आणि मोठ्या पेटीला ते सहज जमतं. म्हणून जुनी यंत्रणा टाकण्याआधी तिच्यात एका छोट्या बिनतारी अ‍ॅडॉप्टरची भर घालून पाहावी. काही शे रुपयांत मिळणारी ही वस्तू नीट निवडली आणि योग्य जागी जोडली, तर तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा अ‍ॅम्प्लिफायर आजच्या फोनवरचं गाणं मानानं वाजवतो.

हवेतून येताना आवाजाचं काय होतं

यातले बहुतेक अ‍ॅडॉप्टर ब्लूटूथवर चालतात. या तंत्राची सुरुवात १९९४ मध्ये स्वीडनमधल्या एरिक्सन कंपनीत झाली. ते २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या रेडिओलहरी वापरतं. वाय-फाय आणि मायक्रोवेव्ह भट्टी यांचाही वावर याच पट्ट्यात असतो. या गर्दीतून वाट काढण्यासाठी ब्लूटूथ एका वारंवारतेवर थांबत नाही. ७९ वाहिन्यांमधून ते सेकंदाला १६०० उड्या मारतं आणि ज्या वाहिन्यांवर गोंगाट आहे त्या टाळायलाही शिकतं. पल्ला साधारण दहा मीटर. मधे विटांची भिंत किंवा माणसं आली की तो घटतो, कारण या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि माणसाच्या शरीरात पाणीच जास्त असतं.

फोनवरचं गाणं या वाटेनं जाताना त्याचं आकारमान कमी करावं लागतं. सीडीवरच्या ध्वनीला सेकंदाला १४११ किलोबिट लागतात. ब्लूटूथवर संगीत पाठवणाऱ्या प्रत्येक यंत्राला एसबीसी नावाची संकोचनपद्धत यावीच लागते, आणि तिच्या नेहमीच्या उत्तम दर्जातही हा वेग ३२८ किलोबिटांच्या आसपास असतो. कान ज्या बारकाव्यांकडे फारसं लक्ष देत नाही ते गाळून ही बचत साधलेली असते. अ‍ॅपलचे फोन एएसी पद्धत वापरतात. अनेक अँड्रॉइड फोनांत अ‍ॅपटीएक्स किंवा सोनीची एलडॅक असते. एलडॅक जास्तीत जास्त ९९० किलोबिटांपर्यंत जाते. पण फोन आणि अ‍ॅडॉप्टर दोघांनाही येत असेल तरच ती पद्धत चालते. एकाला येत नसेल तर दोघं मुकाट्यानं एसबीसीवर उतरतात. त्यामुळे महागडा अ‍ॅडॉप्टर घेण्याआधी आपल्या फोनला कोणती पद्धत येते ते पाहावं.

अ‍ॅडॉप्टरमध्ये पोचलेले आकडे पुन्हा विजेच्या लहरीत बदलावे लागतात. हे काम डॅक नावाची चिप करते. स्वस्त आणि चांगल्या अ‍ॅडॉप्टरमधला कानाला जाणवणारा फरक बऱ्याचदा संकोचनपद्धतीत नसतो. तो या चिपमध्ये आणि तिला मिळणाऱ्या वीजपुरवठ्याच्या स्वच्छतेत असतो. गाणं थांबलेलं असताना स्पीकरजवळ कान नेला आणि बारीक शिट्टी किंवा किरकिर ऐकू आली, तर दोष तिथे शोधावा.

आधी दिशा ठरवा

दुकानात सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो दिशेचा. फोनवरचं गाणं जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये न्यायचं असेल तर रिसीव्हर लागतो. जुन्या रेकॉर्ड प्लेअरचा आवाज बिनतारी हेडफोनमध्ये न्यायचा असेल तर ट्रान्समीटर लागतो. दोन्ही डब्या दिसायला सारख्याच असतात. काहींवर दोन्ही कामांसाठी एक बटण असतं, पण एका वेळी त्यातलं एकच काम होतं.

रिसीव्हरला बाहेरून लागणारं दुसरं यंत्र म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर. रिसीव्हरच्या तोंडातून निघणारा सिग्नल व्होल्टच्या काही दशांशांइतकाच असतो. तो अ‍ॅम्प्लिफायरला जागा करू शकतो, पण मोठ्या स्पीकरचा शंकू हलवू शकत नाही. घरात फक्त स्पीकरच्या पेट्या उरल्या असतील तर ज्यात ब्लूटूथ आणि अ‍ॅम्प्लिफायर एकत्र आहेत असा छोटा डबा घ्यावा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत असे तयार डबे आणि सुटे बोर्डही मिळतात. घेताना स्पीकरच्या मागे लिहिलेला ओहमचा आकडा सांगावा. आठ ओहमसाठीच बनवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरला चार ओहमचा स्पीकर जोडला तर त्याच्यावर जास्त भार येतो आणि तो तापतो.

यंत्राच्या मागे काय आहे

अ‍ॅम्प्लिफायर फिरवून त्याची पाठ पाहिली की अर्धा प्रश्न सुटतो. लाल आणि पांढऱ्या किंवा लाल आणि काळ्या गोल सॉकेटची जोडी दिसली, तर तिला आरसीए म्हणतात. ऑक्स, ट्यूनर, सीडी किंवा टेप-प्ले असं लिहिलेली कुठलीही जोडी चालते. या सगळ्या वाटा एकाच ताकदीचा सिग्नल घेतात. रिसीव्हरपासून आरसीएपर्यंतची तार स्वस्तात मिळते, आणि तिच्यासाठी फार खर्च करण्याचं कारण नाही.

एक वाट मात्र कटाक्षानं टाळावी. फोनो लिहिलेल्या सॉकेटमध्ये रिसीव्हर लावू नये. रेकॉर्डच्या खाचेतून चुंबकी पिकअप जो सिग्नल काढतो तो सुमारे पाच मिलिव्होल्टचा असतो, आणि फोनो वाट त्याच मापाची बनवलेली असते. रिसीव्हरचा सिग्नल त्याहून शंभरपट मोठा, त्यामुळे आवाज फाटतो. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी आणि वरचे स्वर मुद्दाम जास्त कोरलेले असतात. हे उलटवण्यासाठी फोनो वाट अगदी खालच्या स्वरांना सुमारे दहापट वाढवते आणि अगदी वरच्यांना तितकंच घटवते. आधीच समतोल असलेल्या गाण्यावर हा संस्कार झाला की ते गढूळ होतं.

जुन्या फिलिप्ससारख्या युरोपीय घडणीच्या यंत्रांवर आरसीए नसतं. तिथे अर्धवर्तुळात पाच छिद्रं असलेलं डिन सॉकेट असतं. छिद्रांचे क्रमांक ओळीनं नसतात. एका टोकाकडून दुसरीकडे जाताना ते १, ४, २, ५, ३ असे येतात. मधलं २ हे अर्थिंगचं. अ‍ॅम्प्लिफायरच्या टेप सॉकेटवर ३ आणि ५ मधून डावा आणि उजवा आवाज आत जातो, तर १ आणि ४ मधून रेकॉर्डिंगसाठी बाहेर येतो. डिनवरून आरसीए करणारी तयार तार घेताना ती ३ आणि ५ ला जोडलेली आहे याची खात्री करावी. चुकीच्या जोडीवर लावली तर आवाज येत नाही, आणि यंत्रच खराब आहे असा समज होतो.

भजनी मंडळांकडे, देवळांत, शाळांत जे अहुजासारखे जाहीर सभेचे अ‍ॅम्प्लिफायर असतात, त्यांनाही ऑक्सची वाट असते, पण ती बहुधा एकेरी असते. स्टिरिओ गाण्याची एकच बाजू तिथे जोडली तर दुसऱ्या बाजूची वाद्यं गायब होतात. साठ-सत्तरच्या दशकांतल्या काही स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये तर वाद्यं दोन टोकांना वाटलेली असतात. अशा ठिकाणी डाव्या-उजव्या तारांना थेट एकत्र पिळू नये. प्रत्येकीच्या वाटेत सुमारे एक किलोओहमचा रेझिस्टर घालून मग त्या जोडाव्यात, म्हणजे दोन बाजू एकमेकींवर भार टाकत नाहीत.

जिथे सॉकेटच नाही

ऐंशीच्या दशकातल्या कित्येक टू-इन-वनना बाहेरून आवाज आत घ्यायची सोयच नव्हती. तिथे कॅसेटच्या आकाराचा अ‍ॅडॉप्टर कामी येतो. डेकचं हेड टेपवरचे चुंबकी चढउतार वाचतं. अ‍ॅडॉप्टरमध्ये टेपऐवजी हेडच्या बरोबर समोर एक बारीक कॉइल असतं, आणि ते गाण्याप्रमाणे तसेच चढउतार निर्माण करतं. डेकला हा फरक कळत नाही. पूर्वी अशा अ‍ॅडॉप्टरला तार असायची आणि ती झाकणातून बाहेर काढावी लागे. आता ब्लूटूथ आणि बॅटरी कॅसेटमध्येच बसवलेले प्रकार मिळतात. त्यातली चाकं फिरती असावीत, नाहीतर डेकला टेप संपली असं वाटून तो आपोआप बंद होतो. वरचे स्वर दबलेले वाटले तर हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून पाहावं. वर्षानुवर्षांचं टेपचं तांबूस भुकटं तिथे साठलेलं असतं.

वॉल्व्ह रेडिओची गोष्ट वेगळी आणि जास्त मोलाची. घरातल्या तीन पिढ्यांनी ऐकलेल्या अनेक सेटच्या पाठीवर पीयू किंवा ग्राम असं लिहिलेली दोन छिद्रं असतात. ती रेकॉर्ड प्लेअर जोडण्यासाठी ठेवलेली होती आणि रिसीव्हरचा सिग्नल तिथे उत्तम चालतो. आकाशवाणीच्या मराठी वाहिन्या आता न्यूज ऑन एअर या अ‍ॅपवरही मिळतात. म्हणजे मिडियम वेव्हवरची खरखर टाळून त्याच लाकडी कॅबिनेटमधून तेच केंद्र ऐकता येतं.

इथे जिवाशी गाठ असलेली एक सूचना आहे. एसी-डीसी प्रकारच्या काही वॉल्व्ह रेडिओंत ट्रान्सफॉर्मर नसतो, आणि आतली लोखंडी चेसिस थेट घरच्या २३० व्होल्टच्या एका तारेला जोडलेली असते. अशा सेटला बाहेरून काहीही जोडलं तर ती वीज तारेतून हातातल्या यंत्रापर्यंत येऊ शकते. सेट कोणत्या प्रकारचा आहे हे जाणकार रेडिओ दुरुस्ती करणाऱ्याकडून तपासून घेतल्याशिवाय मागे तार लावू नये. ट्रान्सफॉर्मर असलेल्या सेटमध्येही वॉल्व्हसाठी दोनशे-अडीचशे व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये ते काही काळ साठून राहतात. मागचं झाकण स्वतः उघडण्याचा मोह टाळावा.

गुणगुण आणि उशीर

सगळं जोडल्यावर मागून सतत गुणगुण येत असेल तर अ‍ॅम्प्लिफायरला दोष देण्याआधी एक सोपी परीक्षा करावी. रिसीव्हरला चार्जरऐवजी पॉवर बँकवर चालवावं. गुणगुण गेली, तर रिसीव्हर आणि अ‍ॅम्प्लिफायर दोन वेगळ्या वाटांनी विजेच्या लाइनला जोडले जाऊन वळसा तयार झाला आहे, किंवा चार्जरचीच वीज अस्वच्छ आहे. चांगला चार्जर लावून भागलं नाही, तर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी नळी मधे घालावी. तिच्यात दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात. आवाज चुंबकी क्षेत्रातून पलीकडे जातो आणि तारेचा थेट संबंध तुटतो.

आवाजाची पातळी ठरवतानाही क्रम महत्त्वाचा. फोनचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवावा आणि कमीजास्त अ‍ॅम्प्लिफायरच्या खुंटीनं करावं. फोन बारीक आणि अ‍ॅम्प्लिफायर मोठा ठेवला तर वाटेतली सगळी किरकिरही मोठी होते.

ब्लूटूथमधला उशीर मात्र पूर्ण जात नाही. एसबीसीवर तो बहुधा दीड-दोनशे मिलिसेकंदांचा असतो. गाणं ऐकताना याचा पत्ता लागत नाही. सिनेमा पाहताना ओठ आणि शब्द यांची फारकत कळते. साथीला तबला वाजवणाऱ्याला तर स्वतःचा आवाज बिनतारी वाटेनं ऐकून चालणारच नाही. म्हणून टीव्हीसाठी तारच चांगली. नव्या टीव्हीच्या मागे बहुधा ऑप्टिकल सॉकेट असतं. त्याला ऑप्टिकल डॅक आणि पुढे जुना अ‍ॅम्प्लिफायर जोडला की पातळ टीव्हीच्या पोकळ आवाजाची जागा भरीव आवाज घेतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाजाचा पर्याय पीसीएमवर ठेवावा, नाहीतर साधा डॅक गप्प बसतो किंवा खरखरतो.

रेकॉर्ड प्लेअरवरून उलट दिशेला जायचं असेल तर चुंबकी पिकअप आणि ट्रान्समीटर यांच्यामध्ये फोनो प्रीअ‍ॅम्प्लिफायर लागतोच. सुटकेससारख्या जुन्या स्वस्त प्लेअरांत बहुधा सिरॅमिक पिकअप असे. त्याचा सिग्नल मोठा असल्यानं त्याला तो लागत नाही.

वाय-फायची वाट

घरात चांगलं वाय-फाय असेल तर ब्लूटूथपेक्षा पुढची पायरी उपलब्ध आहे. इथे गाणं फोनमधून जात नाही. फोन फक्त काय वाजवायचं ते सांगतो, आणि अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेला डबा स्वतःच इंटरनेटवरून गाणं ओढतो. त्यामुळे सीडीच्या दर्जाचा ध्वनी न गाळता येतो, मधे फोन वाजला तरी गाणं थांबत नाही, आणि फोन घेऊन गच्चीवर गेलात तरी चालतं. अ‍ॅपलनं २००४ मध्ये काढलेल्या एअरपोर्ट एक्सप्रेसच्या छोट्या डब्यात वाय-फायवरून आवाज अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत नेण्याची वाट होती. गूगलनं २०१५ मध्ये काढलेलं क्रोमकास्ट ऑडिओ याच कामासाठी होतं. २०१९ मध्ये त्याचं उत्पादन बंद झालं, तरी इतर कंपन्यांचे असे डबे आज मिळतात. हौस असेल तर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर व्हॉल्युमिओसारखी प्रणाली घालून घरच्या घरी असा प्लेअर बनवता येतो.

आधी जुन्याची तब्येत पाहा

अ‍ॅडॉप्टर जोडून जुने दोष जात नाहीत. कित्येक वर्षं बंद असलेला अ‍ॅम्प्लिफायर एकदम रात्रभर चालवू नये. त्यातले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वाळलेले असू शकतात, आणि तसे असतील तर गुणगुण वाढते किंवा फ्यूज उडतो. खुंटी फिरवताना खरखर होत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्यानं ती बहुतेकदा जाते. स्पीकरच्या कडेचा फोम आपल्या दमट हवेत चुरा होऊन गळतो, पण शंकू आणि वेटोळं शाबूत असेल तर नवी कड बसवणारे कारागीर अजून आहेत. या सगळ्या दुरुस्त्या होण्यासारख्या आहेत, कारण त्या काळची यंत्रं स्क्रूनं उघडतात आणि आतले भाग बाजारात मिळतात.

हाच गुण आजच्या खरेदीत दिसत नाही. आयपॉडच्या काळात डॉक असलेले अनेक चांगले स्पीकर निघाले. त्यांच्यावर अ‍ॅपलचा तीस पिनांचा प्लग पक्का बसवलेला होता. २०१२ मध्ये अ‍ॅपलनं तो बदलला, आणि ज्या स्पीकरना ऑक्सचं साधं छिद्र नव्हतं ते नव्या फोनसाठी निरुपयोगी ठरले. ज्यांना ते छिद्र होतं ते आजही वाजतात. ब्लूटूथही स्थिर राहणार नाही. २०२० मध्ये एलसी३ या नव्या संकोचनपद्धतीसह एलई ऑडिओ जाहीर झालं, आणि पुढच्या काळात फोन तिकडे वळत जातील. ब्लूटूथ ज्याच्या पोटात बंद केलं आहे अशा स्पीकरला हा बदल पचवता येणार नाही. मागच्या सॉकेटला लटकवलेला अ‍ॅडॉप्टर मात्र पाच मिनिटांत बदलता येतो.

संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला, आणि त्यातला पाव हिस्साही रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद नाही. या ढिगात अ‍ॅडॉप्टरचीही भर पडतेच. म्हणून घरात एका जागी राहणारा अ‍ॅडॉप्टर घेताना आत बॅटरी बंद केलेला प्रकार टाळावा. बॅटरी दोन-तीन वर्षांत दम सोडते आणि मग चांगली डबी फेकावी लागते. थेट वीजपुरवठ्यावर चालणारा प्रकार जास्त टिकतो.

लवकर जुनं होणारं बाहेर ठेवायचं, दीर्घकाळ टिकणारं जपायचं, आणि दोघांना सगळ्यांना समजेल अशा साध्या सॉकेटनं जोडायचं. माळ्यावरचा अ‍ॅम्प्लिफायर खाली काढताना हे सूत्र उपयोगी पडतंच, पण नवा स्पीकर विकत घेतानाही दुकानात तो आधी उलटा करून पाठीमागे ऑक्सची वाट आहे का ते पाहावं. ती असेल, तर पुढच्या पन्नास वर्षांत गाणं कुठल्याही रूपात येवो, त्या स्पीकरपर्यंत पोचायला त्याला दार असेल.